गाडीचं नव्हे, टनाचं ॲव्हरेज

दोन ट्रकमालक भेटले की बोलणं फिरून फिरून ॲव्हरेजवर येतं. तुझी दहा टायर किती देते, चार की साडेचार? ज्याचा आकडा मोठा तो खूश, ज्याचा लहान तो ड्रायव्हरवर नाराज. एका लिटरात गाडी किती किलोमीटर पळाली हा आकडा कामाचा आहेच. पण फक्त त्याच्यावर विसंबून निर्णय घेतले तर धंदा भलत्याच दिशेला जातो. ज्यांच्याकडे एक ते पाच गाड्या आहेत आणि हप्ता गेल्यावर हाती काय उरतं हे ज्यांना दर महिन्याला मोजावं लागतं, त्या मालकांसाठी हा लेख आहे. आपल्याकडचे बहुतेक ट्रक अशाच लहान मालकांचे आहेत. देशाचं डिझेल वाचवायचं असेल आणि रस्त्याकडेच्या गावांची हवा सुधारायची असेल, तर ते याच लोकांच्या हातून होणार आहे.

आधी एक हिशेब करू. २८.५ टन पासिंगची दहा टायर गाडी १८ टन माल घेऊन ६०० किलोमीटरवर गेली. भरलेली गाडी लिटरला ४ किलोमीटर देते असं धरा. जाताना १५० लिटर डिझेल लागलं. परतीचं भाडं मिळालं नाही म्हणून गाडी रिकामी आली. रिकामी गाडी ६ देते, म्हणजे येताना १०० लिटर. एकूण १,२०० किलोमीटरला २५० लिटर, ॲव्हरेज ४.८. पुढच्या खेपेला परतीचाही १८ टन माल मिळाला. दोन्ही बाजूंना दीडशे-दीडशे, एकूण ३०० लिटर, ॲव्हरेज ४. वहीत बघणारा म्हणेल, गाडी बिघडली किंवा ड्रायव्हरने डिझेल काढलं. प्रत्यक्षात पहिल्या खेपेत एक टन माल पोचवायला जवळपास १४ लिटर डिझेल जळलं आणि दुसऱ्या खेपेत ८.३ लिटर. टनामागचं डिझेल ४० टक्क्यांनी कमी झालं, आणि ॲव्हरेजचा आकडा मात्र खाली गेला.

म्हणून खेप संपली की दोन आकडे काढा: लिटरला किती किलोमीटर, आणि पोचवलेल्या टनाला किती लिटर. पहिला गाडीची आणि चालवण्याची तब्येत सांगतो, दुसरा धंद्याची. एकाच मार्गावरच्या, सारख्या अंतराच्या खेपांची तुलना करायला दुसरा आकडा पुरेसा आहे. अंतरं वेगळी असतील तर त्याला, माल जितके किलोमीटर नेला त्या अंतराने भागायचं.

इथे एक धोका लगेच सांगायला हवा. टनावर हिशेब म्हटला की ओव्हरलोडचा मोह होतो. १८ ऐवजी २४ टन भरले तर टनामागचं डिझेल कागदावर कमीच दिसेल. पण जुलै २०१८ मध्ये सरकारने धुरीवरच्या, म्हणजे ॲक्सलवरच्या, वजनाची मर्यादा वाढवली आहे. तीन धुरींच्या गाडीचं एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टनांवर गेलं. त्याच्याही वर भरलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड २०,००० रुपये आणि जास्तीच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये. शिवाय टायर, पाटे, क्लच, ब्रेक लायनर यांचं आयुष्य घटतं, आणि कसाऱ्याच्या किंवा बोरघाटाच्या उतारावर ब्रेक तापून निकामी झाले तर पुढचं सांगायला नको. पासिंगच्या आत राहून गाडी भरलेली किती किलोमीटर धावते, एवढंच वाढवायचं आहे.

हिशेबाची वही

मोजणीला फारसं काही लागत नाही. टाकी पंपाच्या नळीने आपोआप बंद होईपर्यंत भरायची, किलोमीटरचा आकडा लिहायचा. खेप करून आल्यावर शक्यतो त्याच पंपावर, तशाच सपाट जागी उभं राहून पुन्हा तशीच टाकी भरायची. दुसऱ्या वेळी भरलेले लिटर म्हणजे त्या खेपेचं डिझेल. मधे कुठे भरलं असेल तर ते मिळवायचं. गाडी एका बाजूला कललेली असेल तर टाकीत काही लिटरांचा फरक सहज पडतो, आणि तेवढ्यावरून ड्रायव्हरवर संशय घेतला जातो. म्हणून जागा सपाट हवी हे सांगतो आहे.

वहीत तारीख, मार्ग, बिल्टीवरचं वजन, जाताना भरलेले आणि येताना रिकामे किलोमीटर, एकूण लिटर, लोडिंग-अनलोडिंगला किती तास थांबली, पाऊस होता का, एवढं पुरे. ड्रायव्हरला लिहायला जमत नसेल तर त्याने फोनवर दोन फोटो पाठवावेत: मीटरचा आणि पंपाच्या पावतीचा. नव्या बीएस-६ गाड्यांसोबत कंपनीची मोबाइलवर दिसणारी ट्रॅकिंगची सोय मिळते. त्यात इंजिन चालू ठेवून गाडी किती वेळ उभी होती तेही दिसतं. बरेच मालक ते ॲप गाडी कुठे पोचली हे बघण्यापुरतंच उघडतात. त्यातला उभ्या गाडीचा रकाना वाचा, हा माझा आग्रह आहे.

तीन महिने लिहिलं की प्रत्येक मार्गाचा आपला स्वतःचा आकडा तयार होतो. शोरूमच्या आकड्याशी त्याची तुलना करत बसू नका. १२ टनांवरच्या डिझेल गाड्यांसाठी इंधनक्षमतेची मानकं २०१७ मध्ये जाहीर झाली, तेव्हा चाचणी ठरली ती ४० आणि ६० किलोमीटरच्या एकसारख्या वेगावर. खंबाटकीचा चढ, भिवंडीच्या गोदामाबाहेरची रांग आणि पावसाळ्यातले खड्डे त्या चाचणीत नसतात.

एवढी खटपट कशासाठी, तर हे बघा. गाडी महिन्याला ८,००० किलोमीटर चालते आणि ४ देते. म्हणजे २,००० लिटर. लिटरला ९० रुपये धरले तर १ लाख ८० हजारांचं डिझेल. ॲव्हरेज ४ वरून ४.२ झालं तर महिन्याला ९५ लिटर वाचतात, म्हणजे साडेआठ हजार रुपये. वर्षाला लाखाच्या वर. आणि एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. डिझेलचं स्वतःचं वजन लिटरला किलोपेक्षा कमी असतं, पण जळताना त्यातला कार्बन हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो म्हणून वजन वाढतं. या हिशेबाने एका गाडीच्या पाच टक्क्यांत वर्षाला तीन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड थांबतो. पैसा आणि पर्यावरण एकाच टाकीतून वाचतात, दोन वेगळी कामं करावी लागत नाहीत.

परतीचं भाडं आणि थांबलेले तास

वही नीट भरली की बहुतेकांना आधी हेच दिसेल: सगळ्यात मोठी गळती रिकाम्या किलोमीटरांत आहे. परतीचं भाडं कमी मिळतं म्हणून गाडी रिकामी पळवणारे मालक पुष्कळ आहेत. किती कमी भाडं परवडतं हे मोजायची रीत सोपी आहे. वरच्याच उदाहरणात परतीला माल घेतल्यामुळे जास्तीचं डिझेल लागलं ५० लिटर, म्हणजे साडेचार हजार रुपये. टोल गाडीच्या प्रकारावर असतो, भरलेल्या-रिकाम्यावर नाही, त्यामुळे तो वाढत नाही. यात दलाली, वाराई आणि माल मिळेपर्यंत गाडी जितके दिवस थांबेल त्या दिवसांचा खर्च मिळवा. भाडं या बेरजेच्या वर असेल तर ते घेणं फायद्याचं. एक दिवस थांबून मिळणारं भाडं बहुतेक वेळा परवडतं. तीन दिवस थांबावं लागलं तर जाण्याच्या भाड्यातला नफासुद्धा खाऊन जातं.

परतीचा माल ऐनवेळी शोधायचा नसतो. गाडी निघायच्या आधी फोन झाले पाहिजेत. नागपूरला माल टाकणाऱ्याने काटोल-वरुडच्या संत्र्याचा हंगाम, चंद्रपूरचं सिमेंट, वाटेवर जालन्याचं लोखंड यांचा अंदाज ठेवावा. खानदेशात जाणाऱ्याने सावदा-रावेरची केळी, नाशिककडे जाणाऱ्याने लासलगाव-पिंपळगावचा कांदा. मात्र कोणता माल कशानंतर भरता येतो हेही बघायला लागतं. सिमेंट उतरवलेल्या हौद्यात धान्य किंवा कांदा भरायचा तर आधी झाडून, धुऊन, प्लास्टिक अंथरावं लागतं, आणि कांद्याला हवा खेळती लागते. ज्याची गाडी झाडलेली, ताडपत्री न फाटलेली आणि दोर धड, त्याला परतीचा माल आधी मिळतो, हे बाजारात उभं राहिलं की दिसतंच. एकाच मार्गावर फिरणारे चार-पाच लहान मालक एकत्र येऊन परतीच्या भाड्यांचा एक फोनगट चालवू लागले तर दलालीही वाचते. त्यासाठी संघटना नोंदवावी लागत नाही.

दुसरी गळती उभ्या गाडीची. न्हावा शेव्याच्या बंदराबाहेर, कळंबोलीच्या लोखंड बाजारात, चाकणच्या कारखान्यांच्या फाटकाशी गाड्या तासन्‌तास उभ्या असतात आणि रांग पुढे सरकेल म्हणून इंजिन चालूच ठेवलं जातं. इंजिनाच्या आकाराप्रमाणे उभी गाडी तासाला एक ते तीन लिटर डिझेल पिते. सहा तासांत सातआठशे रुपये सहज जातात, आणि तो धूर बाजूच्या गाड्यांत झोपलेल्या माणसांच्या छातीत जातो. दोन-तीन मिनिटांहून जास्त थांबायचं असेल तर इंजिन बंद, हा नियम ठेवा. अपवाद एकच. घाट चढून किंवा जोरात धावून आल्याबरोबर इंजिन बंद करू नये. टर्बो थंड व्हायला मिनिट-दोन मिनिटं द्यावीत. सकाळी सुरू केल्यावरही हवेचा काटा ब्रेकपुरता वर आला आणि ऑइलचं प्रेशर दिसलं की निघावं. वीस मिनिटं गाडी गरम करत बसायची गरज आताच्या इंजिनांना नाही.

१ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि जड ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली. हे फार वर्षांपूर्वी व्हायला हवं होतं. मे महिन्यात विदर्भात केबिनमध्ये बसून बघावं म्हणजे कळतं. पण उभ्या गाडीत एसीसाठी इंजिन चालू राहणार, हेही खरं. त्यावर उपाय ड्रायव्हरला उकाड्यात ठेवणं हा नव्हे. माल घेणाऱ्या कंपनीकडे फाटकाजवळ सावली, पंखा, पाणी आणि संडास यांची मागणी करा, आणि बिल्टीवर पोचल्याची वेळ लिहून सही घ्या. ठरलेल्या तासांनंतर हॉल्टिंग आकारायचं. हॉल्टिंग मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि ज्या फाटकावर ते द्यावं लागतं तिथल्या गाड्या लवकर सुटतात. महामार्गावर झोपायला तेल कंपन्यांनी काही पंपांवर ‘अपना घर’ नावाची ड्रायव्हरांच्या मुक्कामाची सोय केली आहे. तिथे खाट आहे, अंघोळीची सोय आहे. ड्रायव्हरला त्याची माहिती द्या आणि तिथल्या पैशांसाठी भत्त्यात जागा ठेवा.

ड्रायव्हरचा पाय

तीच गाडी, तोच माल, तोच मार्ग, आणि दोन ड्रायव्हरांच्या डिझेलमध्ये दहा टक्के फरक पडू शकतो. सगळी कला वेगात, गिअरमध्ये आणि पुढचं बघण्यात आहे.

वेगाचं गणित सरळ आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ६० वरून ८० वर गेलात तर वेग वाढला ३३ टक्के, पण हवेचा अडथळा वाढला सुमारे ७८ टक्के. उंच ताडपत्री बांधलेल्या गाडीला हे आणखी जाचतं. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर ट्रक ८० ने पळवता येतो म्हणून पळवला, तर ती सगळी वाट पावणेनऊ तासांत होते. ६५ ने गेलं तर पावणेअकरा तास. दोन तासांचा हा फरक कधी महत्त्वाचा असतो? टोमॅटो, फुलं, मासळी असेल तेव्हा. पण लोखंड किंवा पत्र्याचे डबे घेऊन रात्री दोनला पोचून सकाळी नऊपर्यंत गोदामाचं फाटक उघडायची वाट बघायची असेल, तर ८० ने पळवून जाळलेलं डिझेल कशासाठी? निघण्याआधी माल घेणाऱ्याला फोन करून उतरवायची वेळ ठरवा आणि त्या वेळेवरून वेग ठरवा. ड्रायव्हरची झोपही त्यातच निघते.

गिअरबद्दल इतकंच: मीटरवरच्या हिरव्या पट्ट्यात काटा ठेवायचा, सपाट रस्त्यावर लवकर वरचा गिअर टाकायचा, चढाला इंजिन धापा टाकायला लागण्याआधी खालचा. पुढचा सिग्नल लाल दिसला, टोलनाका आला, की लांबूनच पाय उचलायचा. दाबलेला प्रत्येक ब्रेक म्हणजे आधी जाळलेल्या डिझेलची ड्रममध्ये झालेली उष्णता.

आता उताराबद्दल, आणि हे मी सगळ्यात कळकळीने लिहितो आहे. उताराला गाडी न्यूट्रल केली की डिझेल वाचतं, ही समजूत अजून जिवंत आहे. ती चुकीची आहे. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या गाडीत, गिअर टाकलेला असताना पाय उचलला की इंजिनाला जाणारं डिझेल बंद होतं. चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केल्यावर मात्र इंजिनाला स्वतःच्या जिवावर फिरायचं असतं, म्हणून ते डिझेल घेऊ लागतं. म्हणजे उतारावर गिअरमधली गाडी काहीच पीत नाही आणि न्यूट्रलमधली पिते. आणि इंजिनाचा रोध गेल्यामुळे सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात, लायनर पकड सोडतं. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर किती माणसं गेली ते आपण वर्तमानपत्रांत वाचत आलो आहोत. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच किंवा त्याखालच्या गिअरमध्ये उतरायचं, एक्झॉस्ट ब्रेक वापरायचा. नव्या ड्रायव्हरला गाडी देताना हे सांगून थांबू नका, एकदा त्याच्या शेजारी बसून घाट उतरा.

न्यूट्रलची सवय कुठून येते हेही मालकांनी बघावं. ट्रिप उक्ती दिली आणि डिझेलचा हिशेब इतका घट्ट ठरवला की सरळ चालवून तो जमतच नाही, तर माणूस जीव धोक्यात घालून लिटर वाचवतो किंवा रस्त्यावरचं स्वस्त, बिनपावतीचं तेल भरतो. त्यापेक्षा वहीतून निघालेला त्या मार्गाचा खरा आकडा पाया धरा, पावसाळ्यात आणि जास्त वजनाला सूट द्या, आणि त्याहून जे लिटर वाचतील त्याचे निम्मे पैसे खेप संपताच ड्रायव्हरच्या हातात ठेवा. महिनाअखेरीला नको, दिवाळीला तर नकोच. वाचलेल्या डिझेलवर त्याचा हक्क आहे, कारण ते त्याच्या पायाने वाचवलं आहे. एखाद्या खेपेला जास्त लागलं तर पगारातून कापू नका. तीन-चार खेपा सलग जास्त लागत असेल तर आधी गाडी तपासा, मग बोला.

हवा, ताडपत्री आणि युरिया

गाडी तपासायची तर सुरुवात टायरपासून. ढाब्यावरून निघण्याआधी क्लीनर लोखंडी टॉमीने एकेक टायर ठोकत जातो आणि आवाजावरून हवा आहे की नाही ते सांगतो. पंक्चर टायर त्यात नक्की सापडतो. पण ११० पौंडांची हवा ९० वर आली असेल तर आवाजात ते कळत नाही, आणि डिझेल इथेच गळतं. चांगलं मीटर काहीशे रुपयांना मिळतं, ते केबिनमध्ये हवंच. हवा सकाळी, टायर थंड असताना बघायची, आणि जोडीतल्या आतल्या टायरचीही. तिथे हात पोचत नाही म्हणून तो टायर महिनोन्‌महिने कुणी बघत नाही. व्हॉल्व्हला लांब नळी लावून घेतली की ही सबब संपते. जोडीतल्या एका टायरमध्ये हवा कमी असली की दुसरा त्याचं वजन उचलतो आणि पहिला रस्त्यावर घासत जातो. दोन्ही लवकर संपतात.

उन्हाळ्यात टायर फुटेल म्हणून हवा कमी ठेवायची पद्धत विदर्भ-मराठवाड्यात दिसते. हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतो, त्याची बाजू दुमडत-उलगडत राहते आणि त्यातूनच तो तापतो. समृद्धीसारख्या सिमेंटच्या लांब, सरळ रस्त्यावर न थांबता पळताना असाच टायर फुटतो. कंपनीने सांगितलेलीच हवा ठेवा, तापलेल्या टायरमधली हवा सोडू नका, आणि दर दोनेक तासांनी थांबा. नायलॉनऐवजी रेडियल टायर महाग पडतो, पण रस्त्यावर कमी घासतो. लांब पल्ल्याच्या गाडीला तो डिझेलमध्ये पैसे परत देतो. चांगल्या कारखान्यातून रबर चढवलेला टायर मागच्या धुरीला चालतो, आणि नवा टायर बनवायला लागणारा माल वाचतो. पुढच्या चाकांना मात्र नवेच.

टायर एका बाजूने खात असेल तर अलाइनमेंट बघा. सपाट रस्त्यावर फारसा ब्रेक न मारता दहा-पंधरा किलोमीटर चालवून थांबा आणि प्रत्येक चाकाजवळ हात न्या. एकच ड्रम बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेला असेल तर तो ब्रेक घासतो आहे. गाडी ब्रेक लावून चालली आहे आणि तुम्ही ॲव्हरेजचा दोष ड्रायव्हरला देता आहात, असं होऊ शकतं.

ताडपत्रीकडे कुणी डिझेलच्या नजरेने बघत नाही. तिचा एक कोपरा सुटून फडफडत असेल, किंवा माल मधे उंच आणि मागे खोल भरल्यामुळे खोळ तयार झाली असेल, तर गाडी हवेचा पडदा ओढत चालते. माल समतल रचावा, दोर जवळजवळ आवळावेत, रिकाम्या परतीला ताडपत्री घडी करून हौद्यात टाकावी. केबिनच्या टपावर भरलेलं सामान काढून टाकावं. बंद कंटेनर बॉडी असेल आणि तिची उंची केबिनपेक्षा जास्त असेल तर केबिनवर हवा वर वळवणारा पत्रा बसवता येतो. त्याचा उपयोग ६० च्या वर सतत धावणाऱ्या गाडीला. मुंबईच्या मुंबईत फिरणाऱ्याने त्यावर पैसे घालू नयेत.

एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, ऑइल वेळेवर. कोळसा, वीटभट्टी, खडी यांच्या धुळीत चालणाऱ्या गाडीचं वेळापत्रक पुस्तकातल्यापेक्षा लवकरचं. फिल्टर जोरदार हवेने झटकून पुन्हा वापरू नका, त्याचा कागद फाटतो आणि धूळ थेट इंजिनात जाते.

१ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांत आणखी एका टाकीकडे लक्ष हवं. ड्रायव्हर जिला ‘युरिया’ म्हणतात ती. हा शुद्ध पाण्यातला ३२.५ टक्के युरियाचा द्रव असतो आणि धुरातल्या नायट्रोजनच्या विषारी वायूंना तो निरुपद्रवी करतो. शंभर लिटर डिझेलमागे साधारण तीन ते पाच लिटर लागतो. हे प्रमाणही वहीत लिहा. ते एकदम घटलं किंवा वाढलं तर काहीतरी बिघडलं आहे. शेतीचा युरिया पाण्यात कालवून भरणारे लोक रस्त्यावर भेटतात. तो युरिया २०१५ पासून निंबोळी तेल लावलेला असतो आणि त्यातली अशुद्ध द्रव्यं गाडीची महागडी धूर-यंत्रणा बंद पाडतात. शिवाय तो शेतकऱ्याच्या अनुदानाचा आहे, तो उद्योगासाठी वळवणं गुन्हा आहे. काही ठिकाणी ही यंत्रणाच फसवणारी डबी बसवून देतात. ती बसवलेली गाडी आपल्याच गावाच्या बसस्टँडसमोर विष सोडत जाते. बसवू नका, आणि सेकंडहँड गाडी घेताना कुणी बसवली आहे का ते कंपनीच्या वर्कशॉपमध्ये तपासून घ्या.

रस्ता निवडताना, गाडी निवडताना

जून २०२५ मध्ये समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा उघडला. भिवंडीहून निघणाऱ्या गाडीला आता बोगद्यातून जाऊन कसारा घाटाचा खडा चढ टाळता येतो. टोल जास्त आहे. प्रत्येकाने स्वतःच्या वजनावर मोजावं: एकदा जुन्या मार्गाने आणि एकदा समृद्धीने, तोच माल, तोच ड्रायव्हर. डिझेल, टोल, वेळ आणि लायनर या चौघांची बेरीज करून ठरवावं. भरलेल्या जड गाडीला आणि हलक्या गाडीला उत्तर वेगवेगळं येईल.

गोवा आणि मंगळुरूकडे जाणाऱ्यांसाठी एक जुनी, चांगली सोय आहे. कोकण रेल्वे १९९९ पासून भरलेले ट्रक रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढवून नेते. रायगडमधल्या कोलाडला गाडी चढवायची, गोव्यात वेर्ण्याला उतरवायची. पुढे सुरतकलपर्यंतही सेवा आहे. कोकणातले सगळे घाट, वळणं आणि रस्त्याची कामं इंजिन बंद ठेवून पार होतात, ड्रायव्हर-क्लीनर गाडीसोबतच जातात. उंची-वजनाची मर्यादा आणि गाडीची वेळ आधी विचारून घ्या. टायर, ब्रेक आणि माणूस यांची झीज धरली तर भाडं महाग वाटत नाही.

नवी गाडी घ्यायची असेल तर आधी आपला मार्ग कागदावर मांडा. पुणे-मुंबई-नाशिकच्या टापूत ठरावीक फेऱ्या करणाऱ्या मध्यम गाडीला सीएनजी सोयीचं आहे. तिथे पंप मिळतात, पण टाक्यांच्या वजनाइतका माल कमी बसतो, तो हिशेबात धरा. द्रवरूप गॅसवर, म्हणजे एलएनजीवर, लांब पल्ल्याचे जड ट्रक चालतात. २०२१ मध्ये नागपुरात तसा पंप सुरू झाला. मात्र पंप अजून विरळ आहेत, त्यामुळे वाट ठरलेली असेल तरच तो विचार करावा.

विजेच्या ट्रकचं तसंच. २०२५ मध्ये न्हावा शेव्याच्या बंदरात बॅटरी बदलता येणारे जड ट्रक उतरले. त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे: अंतर छोटं, फेऱ्या ठरलेल्या, गाडी रोज त्याच जागी परत येते. सिमेंट कारखाना ते रेल्वे यार्ड, बंदर ते गोदाम, कारखाना ते कारखाना, अशा कामाला वीज आजही जमते. हंगामाप्रमाणे आज सांगली, उद्या इंदूर असं फिरणाऱ्या एकट्या मालकाला ती अजून अवघड आहे. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत ई-ट्रकसाठी ५०० कोटी रुपये ठेवले गेले आणि जुलै २०२५ मध्ये नियम आले. एका ट्रकला जास्तीत जास्त ९ लाख ६० हजारांपर्यंत सूट, पण त्यासाठी जुना ट्रक मोडीत काढल्याचं प्रमाणपत्र लागतं. म्हणून घरचा जुना ट्रक भंगारवाल्याला देण्याआधी थांबा. नोंदणीकृत मोडणी केंद्रातूनच ते प्रमाणपत्र मिळतं. विक्रेत्याकडून तुमच्याच मार्गावर, तुमच्याच वजनावर, जातायेता किती युनिट लागतात त्याची चाचणी मागा. बॅटरीची हमी किती वर्षं आणि किती किलोमीटर ते लेखी घ्या. माल देणाऱ्या कंपनीकडून हप्त्यांच्या मुदतीइतक्या कामाचा करार मिळतो का ते विचारा. तो करार हातात आल्यावरच बुकिंगचे पैसे भरा.